मुलगा बास्केटबॉल खेळतो, आठवीपासून कोणती शाळा? अनुभव लिहा

मुलगा सातवीत आहे. त्याची शाळा सातवीपर्यंतच आहे, त्यामुळे आठवीला नवी शाळा घ्यावीच लागणार. उंची बरी आहे, पण त्याहून जास्त म्हणजे खेळाचं वेड आहे. संध्याकाळी क्लबचे दिवे बंद झाले तरी पठ्ठ्या ले-अप (धावत येऊन बास्केटजवळून टाकायचा फेक) मारत असतो. आम्ही दोघंही कधी काही खेळलेलो नाही, त्यामुळे शाळेत जाऊन नेमकं काय बघायचं, काय विचारायचं, हेच कळत नाही. कोर्ट बघायचं की कोच? घराजवळची शाळा की लांबची नावाजलेली? ज्यांची मुलं या वयातून पुढे गेली आहेत त्यांनी सविस्तर लिहावं. मुलींच्या पालकांनी तर आवर्जून लिहा.

शिट्टी_आणि_फळा (निवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर)

ताई, माझी सगळी नोकरी शाळेच्या मैदानावर गेली. म्हणून आधी ही व्यवस्था कशी चालते ते सांगतो, बाकीचं त्यावरच ठरतं.

शाळेकडून खेळायचे सामने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचे. मुलं त्यांना 'डीएसओच्या मॅचेस' म्हणतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट असतात. आधी जिल्हा, मग विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय शालेय स्पर्धा. इथे संघ शाळेचा उतरतो. शाळेने प्रवेशिकाच भरली नाही, तर मुलगा कितीही चांगला असो, त्याचं ते वर्ष गेलं. दुसरी वाट जिल्हा बास्केटबॉल असोसिएशनची. क्लबकडून खेळायचं, निवड चाचणी द्यायची आणि पुढे १६ वर्षांखालील युथ, १८ वर्षांखालील ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा. या वाटेवर शाळेचं नाव लागत नाही, शाळेची रजा मात्र लागते. मुलाला चांगला क्लब असेल (तुमच्याकडे आहे असं दिसतंय), तर शाळेकडून दोनच गोष्टी हव्यात: संघ उतरवणं आणि रजा देणं. त्यासाठी रोज दीड तास बसमध्ये घालवायची गरज नाही.

ट्रॉफ्यांच्या कपाटासमोर फार वेळ उभ्या राहू नका. त्या कोणत्या सरांच्या काळातल्या आहेत आणि ते सर अजून शाळेत आहेत का, एवढं विचारा. सर कायम नोकरीत आहेत की कंत्राटावर, हेही विचारा. कंत्राट संपलं की सर जातात आणि त्यांच्यामागे संघही विस्कटतो, हे मी अनेक शाळांत पाहिलं आहे. मग प्रॅक्टिसच्या वेळेला, न कळवता जा. चेंडू किती आणि मुलं किती ते मोजा. पंचवीस मुलांत तीन चेंडू असतील तर निम्मा वेळ रांगेत जातो. सर नुसती मॅच लावून खुर्चीत बसतात, की डाव्या हाताचं ड्रिब्लिंग (चेंडू टप्पे देत नेणं), पिव्हट (एक पाय जागेवर ठेवून वळणं), बचावातली पावलं करून घेतात, ते बघा. तेराव्या-चौदाव्या वर्षी पाया घोटला गेला नाही तर उंचीवर दोन वर्षं निघतात. पुढे बाकीची मुलंही उंच होतात.

आणि गुडघे! आपल्याकडे बहुतेक शाळांची कोर्टं सिमेंटची. उंची झपाट्याने वाढत असताना त्यावर रोज उड्या मारल्या की गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटा येतो. ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला. विश्रांती आणि योग्य व्यायामाने बहुतेक मुलांचं बरं होतं, पण 'दुखतंय' म्हणणाऱ्या मुलाला बाजूला बसवणारे सर हवेत. सरांशी बोलताना हा विषय मुद्दाम काढा. उत्तरावरून माणूस कळतो.

आठ_नंबर (मुलीची आई)

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. मुलीच्या पहिल्या हायस्कूलमध्ये कोर्ट होतं, सर होते, मुलांचा संघ विभागापर्यंत जायचा. मुलींना मात्र मुलांची प्रॅक्टिस संपल्यावर उरलेला वेळ मिळायचा. चेंडूही मुलांचाच, ७ नंबरचा. मुलींच्या सामन्यात चेंडू ६ नंबरचा असतो, आकाराने लहान आणि वजनाने हलका. वर्षभर मोठ्या चेंडूवर हात बसलेला आणि सामन्यात एकदम दुसरा चेंडू हातात, मग फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक) कसे बसणार? आम्ही दोन चेंडू विकत घेऊन शाळेला द्यायला गेलो, तर 'मुलींचा संघ यंदा होईल का तेच बघू' असं उत्तर मिळालं. नववी-दहावीला मुली गळतात, हे तिथे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं.

नववीला तिला जिल्ह्याच्या ठिकाणी घातलं, आत्याकडे ठेवून. त्या शाळेत मी फक्त मुलींच्या संघाबद्दल विचारलं. दहावीच्या किती मुली अजून खेळतात? प्रॅक्टिस किती वाजता सुटते आणि नंतर मुली घरी कशा जातात? बाहेरगावी सामन्यांना सोबत बाई असतात का? कपडे बदलायला खोली आहे का? मुख्याध्यापिकांनी एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं आणि मैदानावर नेऊन दहावीच्या मुलींशी थेट बोलायला दिलं. त्याच दिवशी प्रवेश घेतला. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, हे आमच्या मुलींना माहीत आहे. त्यांना रोजच्या रोज कोर्ट मिळायला हवं, एवढंच मागणं आहे.

मूळ धागाकर्ती

सर, ताई, मनापासून आभार. ही प्रश्नावलीच लिहून घेतली आहे. बोर्डाचं कुणी सांगेल का?

झोन_डिफेन्स

सीबीएसईच्या शाळांच्या स्वतःच्या क्लस्टर (ठरावीक भागातल्या शाळांच्या गटाच्या) स्पर्धा असतात, तिथून पुढे राष्ट्रीय. आमच्याकडच्या बऱ्याच सीबीएसई शाळा डीएसओच्या मॅचेसनाही उतरतात, पण सगळ्या नाही, तेव्हा विचारून घ्या. स्टेट बोर्डाला दहावी-बारावीत खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. ते किती पातळीवर खेळलात त्यावर ठरतात, जास्तीत जास्त २५. त्यासाठी शाळेने प्रस्ताव वेळेत पाठवायला हवा. राष्ट्रीय स्पर्धा आणि बोर्डाचा पेपर एकाच दिवशी आला तर सीबीएसई नंतर परीक्षा द्यायची संधी देते, ही सोय खरोखर उपयोगाची आहे.

एडिसनकर (न्यू जर्सी)

इथलं चित्र वेगळं आहे, पण इकडे राहणाऱ्या मराठी पालकांना उपयोग होईल म्हणून लिहितो. हायस्कूल नववी ते बारावी. पब्लिक शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. फ्रेशमन (नववीचा), जेव्ही (दुसरा संघ) आणि व्हर्सिटी (शाळेचा मुख्य संघ) असे संघ, निवड नोव्हेंबरच्या अखेरीस. दीड-दोन हजार मुलांच्या शाळेत जागा मूठभर. आमच्यापुढे एका लहान खासगी शाळेचा पर्याय होता. आम्ही दोन्हीकडचे जेव्हीचे सामने जाऊन पाहिले. व्हर्सिटीचे नाही, कारण पहिली दोन वर्षं मुलगा तिथे खेळणारच नव्हता. लहान शाळेत बाकावरची सगळी मुलं प्रत्येक सामन्यात कोर्टवर उतरत होती आणि चूक झाली की कोच जवळ बोलावून समजावत होते. तीच शाळा घेतली.

अभ्यासाचं पहिल्या वर्षापासून बघा. कॉलेजात डिव्हिजन वनला (कॉलेज खेळातली सगळ्यात वरची पातळी) खेळायचं तर हायस्कूलमध्ये १६ ठरावीक कोर विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी गुण) लागतो. डिव्हिजन थ्रीला खेळाची शिष्यवृत्ती नसते, तिथे मदत मार्कांवर किंवा घरच्या आर्थिक गरजेवर मिळते. आणि घर न बदलता शाळा बदलली तर काही सामने बाहेर बसावं लागू शकतं. म्हणून नववीचा निर्णय विचार करून घ्या.

भायखळा_पूर्व

माझी शाळा अगदी साधी, कोर्टही नव्हतं. खेळ शिकलो मुंबईच्या नागपाड्यात, मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर. भारताचे कर्णधार आणि १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यातले. मोठी मुलं लहानांना खेळायला घेत, धक्के बसत, त्यातूनच हात तयार झाला. कोल्हापूरचे सर म्हणतात ते शंभर टक्के खरं: क्लब चांगला असेल तर तो सोडू नका.

पॉइंट_गार्ड_१७

मी आत्ता बारावीत आहे, म्हणून पुढच्या पायरीचं सांगते. दहावीनंतर आपल्याकडे ज्युनियर कॉलेज येतं आणि बरेच जण तिथेच खेळ सोडतात. इंटिग्रेटेड (कॉलेजातच प्रवेश परीक्षांचे क्लास चालवणाऱ्या) कॉलेजांत संध्याकाळ उरत नाही आणि संघही नसतो. त्यामुळे शाळा बघतानाच तिला जोडून ज्युनियर कॉलेज आहे का आणि ते १९ वर्षांखालील संघ उतरवतं का, हे विचारा. आमच्या शाळेचं होतं, त्यामुळे तेच सर आणि निम्म्या त्याच मैत्रिणी टिकल्या. आणि काकू, निर्णय घेण्याआधी त्याला एक दिवस त्या शाळेच्या मुलांबरोबर खेळू द्या. सर बहुतेक नाही म्हणत नाहीत.