मदत हवी आहे: रुगर १०/२२ रायफल साफ करायला उघडली, आता बोल्ट परत बसत नाही

नमस्कार. मी ओहायोत राहते. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे आणि इथल्या फोर-एच या मुलांच्या क्लबात रायफल शिकते. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. तो आमच्या राधानगरी तालुक्यातला. त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसून रडले, आणि लेकीनं विचारलं, "मला शिकता येईल का?" तिथून हे सगळं सुरू झालं.

क्लबातल्या रायफली क्लबातच राहतात. घरी सरावासाठी आम्ही दुकानातून, रीतसर फॉर्म भरून आणि तपासणी होऊन, एक वापरलेली रुगर १०/२२ घेतली. ती माझ्या नावावर आहे, कुलूपबंद कपाटात असते आणि काडतुसं वेगळ्या पेटीत. लेक माझ्याशिवाय तिला हात लावत नाही.

गेले दोन शनिवार रेंजवर ती अडकते आहे. सुरुवातीला ठीक चालते, मग पन्नासेक गोळ्यांनंतर रिकामी पुंगळी पूर्ण बाहेर पडत नाही, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता ठोकळा) आणि पुंगळी बाहेर पडायची खिडकी यांच्या मध्ये चेंगरून राहते. आधीच्या मालकानं किती दिवसांत साफ केली असेल, देव जाणे. म्हणून काल रात्री मी ती उघडली.

मी शाळेत एनसीसीत होते. पॉइंट टू-टू (.२२) डिलक्स रायफलीवर फायरिंग केलंय, कोतमध्ये म्हणजे शस्त्रागारात रायफल जमा करण्याआधी पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंदी लावून नळी साफ केलीय. पण ती बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्ट हातानं ओढायची. बोल्ट मागून काढला की नळी आरपार दिसायची. ही वेगळीच निघाली. मॅगझिन काढलं, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी पाहिलं आणि बोटानंही चाचपलं. नळीवरच्या पट्ट्याचा स्क्रू ढिला केला, दस्त्याचा खालचा मोठा स्क्रू काढला. तरी रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा सांगाडा, दस्त्यातून निघेना. बऱ्याच वेळानं कळलं की सेफ्टीचं बटण एका बाजूला दस्त्यात अडकतंय, ते बरोबर मध्ये आणावं लागतं. मग दोन पिना ढकलल्या आणि चापाचा अख्खा भाग हातात आला. मागची एक जाड पिन आपोआप घरंगळून टेबलाखाली गेली. अर्धा तास शोधून सापडली.

आता बोल्ट, त्याची मूठ, स्प्रिंग आणि बारीक दांडा असे तुकडे समोर आहेत आणि काही केल्या परत बसत नाहीत. आधी बोल्ट ठेवते आणि मग मूठ घालायला जाते तर स्प्रिंग उसळते. चापाचा भागही आत जात नाही, कुठंतरी आडवं लागतं. शिवाय या रिसीव्हरला मागून भोकच नाही. मग नळी मागून साफ करायची तरी कशी? आणि तेल कुठं घालायचं? मॅगझिन उघडायचं का? जोर लावून काही मोडायच्या आत विचारते आहे.

प्रतिसाद १

ताई, जोर लावला नाहीत हे फार चांगलं केलंत. क्रम उलटा झालाय, एवढंच.

डोळ्यांवर चष्मा घाला, ती स्प्रिंग खरंच उडते. रिसीव्हर उलटा धरा. मूठ, दांडा आणि स्प्रिंग हे एकत्र एक अंग आहे, ते आधी जागेवर बसवा. मूठ पूर्ण मागे ओढा आणि तशीच धरून ठेवा. आता बोल्ट आत ठेवा. मुठीच्या आतल्या बाजूला जो उंचवटा आहे तो बोल्टच्या खाचेत बसला पाहिजे. तो बसला की बोल्ट मुठीबरोबर मागेपुढे सरकू लागतो. मग मूठ हळू पुढे सोडा, सुटू देऊ नका. त्यानंतर ती जाड पिन घाला. मागे येणारा बोल्ट तिच्यावर येऊन थांबतो. पिन सैलच असते, दस्त्यात बसल्यावर तोच तिला धरून ठेवतो. ती नसताना चाप कधीही ओढू नका.

चापाचा भाग आत जात नाही, कारण घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारा आतला छोटा हातोडा, पडलेला असणार. बाहेर असताना चाप ओढला गेला का? अंगठ्यानं घोडा मागे दाबा, खट्ट वाजून अडकेल. घोडा चढलेला असला की तो भाग सहज आत जातो. त्या भागाच्या डाव्या बाजूला एक पातळ पाती वर आलेली दिसेल. तिलाच आपटून पुंगळी बाहेर उडते. बोल्टमधल्या चिरेत ती नीट यायला हवी. एरवी हा भाग हातात असताना घोडा रिकामा पाडायची सवय लावू नका, चापाच्या घरट्याला मार बसतो.

प्रतिसाद २

मी टेक्सासात असतो आणि मुलांना घेऊन वर्षानुवर्षं हीच रायफल चालवतो आहे. वरचं सगळं बरोबर, मी सफाईबद्दल सांगतो, कारण तुमचं मूळ दुखणं तिथं आहे.

ही रायफल १९६४ पासून आहे आणि तिचं काम फार साधं आहे. वायूची नळी वगैरे काही नाही. बोल्ट चेंबरला कुलूपबंद होत नाही, स्वतःच्या वजनानं आणि स्प्रिंगनं टेकलेला असतो. गोळी उडाली की पुंगळीच त्याला मागे ढकलते. त्यामुळं जळलेली बारूद, शिशाची भुकटी आणि गोळीवरचं मेण सगळं आतच येतं. थोडी घाण साचली की बोल्टची चाल मंदावते आणि पुंगळी अडकते. तुमची तक्रार अगदी हीच.

म्हणून नळीच्या आधी चेंबर आणि बोल्ट पाहा. चेंबरच्या तोंडाशी काजळीचं कडं बसतं, तिथं पुंगळी घट्ट रुतते. लहान ब्रश वाकवून तो भाग घासा. बोल्टच्या तोंडावर पुंगळीची कड धरणारी आकडी आहे, तिच्याखाली दात कोरायच्या काडीनं कोरा. तिथून निघणारा चिकट काळा गोळा पाहून तुम्हाला उत्तर मिळेल.

नळीसाठी तुमचा एनसीसीचा पुलथ्रूच कामाला येणार आहे! इथं प्लास्टिकचं वेष्टन असलेली तारेची दोरी मिळते. ती खिडकीतून चेंबरमध्ये घालून पुढं काढा, चिंदी लावा आणि चेंबरकडून तोंडाकडे ओढा. पुढून धातूची सळई घालायची वेळ आलीच तर तोंडाशी गाइड, म्हणजे सळई मधोमध धरणारं बूच, लावा. नळीच्या तोंडाची कड सळईनं घासली गेली तर नेम बिघडतो आणि तो परत येत नाही. पॉइंट टू-टूच्या गोळ्या मऊ शिशाच्या असतात, त्यामुळं नळी रोज रोज घासायची गरजच नाही. माझ्या मते अति सफाईनं जास्त नळ्या खराब होतात.

तेल थेंबभर. बोल्ट सरकतो त्या जागा, दांडा आणि बोल्टखाली घोडा घासतो तेवढी जागा. बाकी पुसून कोरडं. जास्त तेलात बारूद मिसळून लापशी होते. नव्या रायफलींत चापाचं घरटं प्लास्टिकचं असतं, तिथं तीव्र द्रावण मारू नका. मॅगझिनचं तोंड कोरड्या ब्रशनं झाडा, आत तेल अजिबात नाही. चिखलात पडल्याशिवाय ते उघडू नका. आतल्या चकतीला स्प्रिंगचा पीळ दिलेला असतो, तो सुटला की परत मोजून द्यावा लागतो.

आणि ताई, हे जेवणाच्या टेबलावर करू नका. काडतुसाच्या बुडाच्या कडेतल्या मसाल्यात शिसं असतं, काजळीतही असतं. हातमोजे, उघडी खिडकी, चिंध्या थेट कचऱ्यात. मग थंड पाण्यानं साबण लावून हात धुवायचे. मुलीलाही रेंजवरून आल्या आल्या हीच सवय लावा.

धागाकर्ती

बसली! घोडा पडलेलाच होता. मी बाहेर असताना चाप ओढून पाहिला होता, चूक माझीच. दादा म्हणाले तसं आकडीखालून काळा गोळा निघाला, आणि चेंबरमध्ये कडं इतकं होतं की ब्रश अडखळत होता. टेबल आता गॅरेजमध्ये हलवलंय.

जोडल्यावर मॅगझिन बाहेर ठेवून, चेंबर पुन्हा रिकामं बघून, सेफ्टी लावून चाप दाबला. काही झालं नाही. सेफ्टी काढून पुन्हा दाबला, खट्ट वाजलं. कंपनीची पुस्तिकाही त्यांच्या साइटवर फुकट मिळाली. तीत लिहिलंय की ती जाड पिन जागेवर असेल तर रिकामा चाप ओढला तरी या रायफलीला इजा होत नाही. इतर पॉइंट टू-टूबाबत असं धरून चालू नये, हे मी लेकीला लगेच सांगितलं.

शनिवारी १५० गोळ्या झाल्या, एकही अडकली नाही. दोर ओढायचं काम तिनं स्वतःहून मागून घेतलं. चिंदी काळी निघाली, मग करडी, मग पांढरी. तिसरी पांढरी आल्यावर तिनं ती मला उजेडात धरून दाखवली.

एक राहिलं. दस्त्याचा खालचा स्क्रू किती आवळायचा? मी बेतानं आवळलाय, पण पाच-सहा गोळ्यांनंतर लक्ष्यावरच्या छिद्रांचा गट थोडा उजवीकडे सरकतो असं वाटतंय. की हा तिच्या खांद्याचा दोष?