औषधाची जंतूंना सवय होते का? वडिलांना पटेल असं उत्तर हवंय

शुभ्रमेघ

माझ्या वडिलांना फुफ्फुसाचा टीबी आहे. उपचाराचा तिसरा महिना चालू आहे. पहिले दोन महिने चार औषधं होती, आता दोन आहेत. खोकला थांबला, वजन वाढलं, थुंकीच्या तपासणीत जंतू दिसत नाहीत. आणि आता बाबा म्हणतात, महिनाभर गोळ्या बंद ठेवू.

त्यांचं म्हणणं असं: तेच औषध रोज घेतलं की जंतूंना त्याची सवय होते आणि मग ते लागू पडत नाही. मध्ये खंड पडला तर जंतू ती सवय विसरतील आणि पुन्हा सुरू केल्यावर औषध जोरात काम करेल. डॉक्टरांनीच पहिल्या दिवशी "जंतूंना सवय होऊ नये म्हणून चार गोळ्या" असं सांगितलं होतं. बाबांनी त्याच वाक्यावरून पुढचा हिशेब मांडला.

"डॉक्टर सांगतात म्हणून घ्या" एवढ्यावर ते ऐकणार नाहीत. आयुष्यभर त्यांनी लोकांचे हिशेब तपासले आहेत, आकडे समोर ठेवले तर मानतात. जंतूंना खरंच सवय होते का? आणि हे कुणी, कसं तपासलं?

---

जुनी प्रयोगवही

शुभ्रमेघ, आधी हे: बाबांच्या गोळ्या एक दिवसही थांबवू देऊ नकोस. मळमळ, डोळे पिवळे होणं, दिसण्यात फरक असं काही असेल तर लगेच डॉक्टरांना सांग, गरज असेल तर ते औषध थांबवतील किंवा बदलतील. पण स्वतःहून बंद करणं किंवा दोनातली एकच घेणं, हे नको.

आता तुझा प्रश्न. मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आणि हा माझा सगळ्यात लाडका विषय आहे, त्यामुळे लांबण लागेल.

बाबांची शंका मुळीच अडाणी नाही. 1943 पर्यंत अनेक शास्त्रज्ञही तसंच मानत. जंतूंची वाढ एखाद्या मारक गोष्टीच्या संपर्कात आणली की बहुतेक मरतात आणि थोडे तगतात. त्या थोड्यांची प्रजाही तगते. याचे दोन अर्थ निघतात. एक, मारक गोष्ट भेटल्यावर काही जंतूंनी तिच्याशी जुळवून घेतलं. दुसरा, ते थोडे आधीपासूनच वेगळे होते, मारक गोष्टीने फक्त बाकीचे मारून त्यांना उघडं पाडलं. प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या उथळ बशीत, दोन्ही सारखंच दिसतं. मग ओळखायचं कसं?

हा पेच सोडवला सॅल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी. लुरिया इटलीतल्या तुरिनचे, शिक्षणाने डॉक्टर. डेलब्रुक बर्लिनचे, भौतिकशास्त्रज्ञ. दोघेही युरोपातून अमेरिकेत आलेले आणि युद्धकाळात सरकारदरबारी शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नोंदलेले. दोघं मिळून जंतूंना मारणाऱ्या विषाणूवर, म्हणजे फाजवर, काम करत होते. 1943 च्या सुरुवातीला विद्यापीठाच्या एका नाचाच्या कार्यक्रमात लुरिया एका सहकाऱ्याला नाणी टाकून खेळायच्या यंत्रावर खेळताना बघत उभे होते. तो सारखा हरत होता आणि अचानक यंत्राने नाण्यांचा ढीग ओतला. बहुतेक वेळा शून्य आणि क्वचित घबाड. लुरियांना वाटलं, आपले जंतूही असेच वागत असतील तर?

समज, वीस नळ्यांत थोडे थोडे जंतू घालून ते वेगवेगळे वाढवले. प्रत्येक नळीत कोट्यवधी झाल्यावर प्रत्येक नळीतला माल विषाणू पसरलेल्या वेगळ्या प्लेटवर ओतला. विषाणू भेटल्यावर जंतू "शिकत" असतील, तर वीसही नळ्यांना तो एकाच वेळी, शेवटी भेटला आहे. सगळीकडे साधारण सारखेच तगायला हवेत, थोडं इकडेतिकडे.

पण बदल जर वाढीच्या काळात आपोआप घडत असेल, विषाणूचं तोंडही न बघता, तर तो कधी घडला याला महत्त्व येतं. शेवटच्या विभाजनात घडला तर एकच जंतू तगणारा. त्यानंतर पाच विभाजनं व्हायची असतील तर 32. दहा व्हायची असतील तर 1024. म्हणजे कुठे काहीच नाही, कुठे दोनचार, आणि एखाद्या नळीत घबाड.

त्यांच्या एका प्रयोगात वीस नळ्यांतले किती किती जंतू तगले ते आकडे देते, बाबांना दाखव:

1, 0, 3, 0, 0, 5, 0, 5, 0, 6, 107, 0, 0, 0, 1, 0, 0, 64, 0, 35

अकरा नळ्या कोऱ्या. सरासरी 11.35. सगळ्या नळ्यांत सारखीच शक्यता असती, तर एवढी सरासरी असताना एखादी नळी कोरी निघण्याची शक्यता साधारण 85 हजारांत एक आहे. इथे विसात अकरा. म्हणजे बदल विषाणू भेटण्याआधीच, वाढीच्या काळात घडला होता.

हा प्रयोग मी एमएस्सीला केला होता आणि त्याची एक आठवण अजून जात नाही. सकाळी इनक्युबेटर उघडला. बहुतेक प्लेट स्वच्छ, काहींवर दोनतीन ठिपके, आणि एक प्लेट कॉलन्यांनी, म्हणजे जंतूंच्या ठिपक्यांनी, अशी भरलेली की मोजता येईना. मला वाटलं, बाहेरचा जंतू शिरलाय. ती प्लेट मी ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाकली आणि वहीत तिच्यासमोर "दूषित" लिहिलं. दुपारी बाईंनी वही बघितली आणि हळू आवाजात विचारलं, "ही प्लेट कुठाय?" तोवर ती पिशवी वाफवून झाली होती. माझ्या सगळ्या प्रयोगाचा अर्थ त्या एका प्लेटमध्ये होता. पुढच्या आठवड्यात सगळ्या नळ्या पुन्हा लावल्या. ती वही अजून माझ्या कपाटात आहे आणि तो शब्द मी खोडलेला नाही.

औषधाच्या बाबतीतही हेच. तर बाबांना सांग: जंतू औषधाला सरावत नाहीत. औषधाला न जुमानणारे थोडे जंतू आजाऱ्याच्या छातीत पहिली गोळी पोटात जाण्याआधीच असतात. विसरण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं, बदल त्यांच्या डीएनएत आहे.

---

समीकरण

ताईंनी सुरेख लिहिलंय. माझा विषय भौतिकशास्त्र, म्हणून एक भर घालतो, कारण हिशेब तपासणारा माणूस हा प्रश्न विचारणारच: आकड्यांतला चढउतार मोजणीच्या ढिसाळपणामुळे आला नसेल कशावरून?

ते त्यांनी तपासलं होतं. एकाच मोठ्या नळीतून अनेक नमुने काढून वेगवेगळ्या प्लेटवर ओतले. तिथे आकड्यांचं प्रचरण, म्हणजे आकडे किती विखुरलेत याचं माप, जवळपास सरासरीइतकंच आलं, नुसत्या योगायोगाने यावं तेवढं. वेगळ्या वाढवलेल्या नळ्यांत मात्र वरच्या यादीचं प्रचरण सरासरीच्या साठ पटीच्या आसपास जातं. मोजण्याची पद्धत तीच होती, म्हणजे फरक नळ्यांच्या इतिहासात आहे.

डेलब्रुक जीवशास्त्राकडे वळले ते भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या 1932 च्या "प्रकाश आणि जीवन" या भाषणामुळे. लुरियांनी कल्पना कळवली आणि गणित डेलब्रुक यांनी उभं केलं. जंतू मोजून त्यांच्या आत न दिसणारी घटना किती वेळा घडली हे काढायचं, ही पदार्थविज्ञानातल्या माणसाची सवय. कोऱ्या नळ्यांच्या प्रमाणावरूनच ते निघतं: विसात अकरा कोऱ्या म्हणजे दर नळीत सरासरी 0.6 बदल. दोघांना फाजवरच काम करणाऱ्या अल्फ्रेड हर्शी यांच्यासोबत 1969 चं नोबेल मिळालं.

---

काठावरचा

पण "जंतू सरावत नाहीत" हे सरसकट विधान मला खटकतं. लॅक्टोज साखर मिळाली की ई. कोलाय हा आतड्यातला जंतू ती पचवायचं एन्झाइम बनवायला लागतो, हे जुळवून घेणंच झालं ना? शिवाय रुग्णालयातले कितीतरी जंतू औषध पचवण्याची जनुकं एकमेकांना देतात.

---

श्वासनाद

दोन्ही खरं आहे. पण साखर संपली की ते एन्झाइम बनणं थांबतं. जनुक तसंच राहतं, फक्त मिटतं. आणि जनुकांची देवाणघेवाण टीबीच्या जंतूत चालत नाही. त्याचा औषधाला होणारा प्रतिकार त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रातल्या बदलांतून येतो. म्हणून ताईंचं उत्तर टीबीला अगदी चपखल बसतं.

मी छातीच्या रुग्णांवर उपचार करतो, तेव्हा गोळ्यांचा हिशेब मी देतो.

फुफ्फुसात पोकळी झाली असेल तर तिच्यात दहा कोटी ते शंभर कोटी जंतू असू शकतात. आयसोनायाझिड या टीबीच्या औषधाला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक. म्हणजे दहा कोटींत शंभर, आधीपासूनच. रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाला न जुमानणारा साधारण दहा कोटींत एक. दोन्हींना न जुमानणारा? शक्यतांचा गुणाकार करा: एकावर चौदा शून्यं, तेवढ्यांत एक. तेवढे जंतू माणसाच्या छातीत नसतातच. दोन औषधं एकत्र घेण्याचं कारण हे.

एकच औषध दिल्यावर काय होतं ते 1948 साली ब्रिटनमध्ये दिसलं. 55 रुग्णांना स्ट्रेप्टोमायसिन हे एकच औषध आणि विश्रांती, 52 रुग्णांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात 4 दगावले, दुसऱ्यात 14. केवढा आनंद झाला असेल! पाच वर्षांनी दगावलेल्यांचे आकडे होते 32 आणि 35. न जुमानणारे जे मूठभर होते, त्यांना मोकळं रान मिळालं.

पहिले दोन महिने चार औषधं, कारण जंतू अफाट असतात आणि कुणाचा जंतू आधीच एखाद्याला दाद देत नसेल तर बाकीची सांभाळून घेतात. पुढे संख्या फार घटते, म्हणून दोनावर भागतं. पण थुंकीत दिसले नाहीत म्हणजे संपले असं नाही. हा जंतू मुळात मंद, एकाचे दोन व्हायला अठरा ते वीस तास घेतो, आणि काही तर नुसते पडून असतात. त्यांना गाठायलाच उरलेले चार महिने लागतात. बाबांनी आज सोडलं तर जे पडून आहेत ते वाढतील, आणि प्रत्येक वाढीत नवीन बदल होण्याची संधी असते.

आणि हो, "सवय" हा शब्द आम्ही डॉक्टरच वापरतो, बोलायला सोपा म्हणून. मी तो आता सोडेन.

---

शुभ्रमेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मोठ्या अक्षरात ते वीस आकडे लिहून बाबांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून बेरीज केली, 227 आली, विसाने भागली, "11.35 बरोबर आहे" म्हणाले. मग 107, 64 आणि 35 भोवती गोल केले आणि म्हणाले, "227 पैकी 206 या तिघांतच." बराच वेळ कागदाकडे बघत होते. सकाळी न सांगता दोन्ही गोळ्या घेतल्या.

आता त्यांची एक शंका आहे, ती तशीच लिहिते: "एकाचे दोन, दोनाचे चार असंच वाढत असेल, तर 107 कसे? 35 कसे? 64 तेवढा बसतो."

---

जुनी प्रयोगवही

वाचून डोळे भरून आले. बाबांना माझा नमस्कार सांग.

शंका अगदी योग्य. एकाच नळीत बदल एकापेक्षा जास्त वेळा घडू शकतो, एक लवकर आणि दुसरा उशिरा, आणि दोन्हींची प्रजा बेरजेत मिसळते. शिवाय सगळे जंतू ठरल्या घटकेला एकदम विभागत नाहीत, कुणी मागे राहतो, कुणी पुढे जातो, म्हणून नेमके दोनाचे पट येत नाहीत. 64 बसला हा योगायोग, त्यावर भरवसा ठेवू नका म्हणावं.

त्यांना हवं असेल तर माझ्या वहीतले दुसऱ्या वेळचे आकडेही पाठवते. तपासून घेतले तर मला बरं वाटेल.