आयोवाच्या मुलींचा हंगाम: टाळ्या जरा जास्तच वाजल्या का?

तिसरी घंटा (धागाकर्ती)

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर मे २०२४ मध्ये निवृत्त झाल्या. २४ वर्षं संघ सांभाळला, मग त्यांच्या सहायक जॅन जेन्सन यांनी सूत्रं घेतली. म्हणजे २०२३-२४ च्या हंगामाचा हिशेब मांडायला हरकत नाही. वर्षभर इथे ज्यांना झोन डिफेन्स म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तेही आयोवाच्या केटलिन क्लार्कच्या क्लिपा टाकत होते. चांगलंच आहे. पण आता जरा गुणफलक बघू या.

माझं म्हणणं एवढंच की ऐतिहासिक हंगाम एका मुलीचा झाला, संघाचा नाही. ३४ विजय, ५ पराभव. त्या पराभवांकडे नीट बघा. नोव्हेंबरात घरच्या मैदानावर कॅन्सस स्टेटकडून ५८-६५. जानेवारीत ओहायो स्टेटकडून जादा वेळेत ९२-१००. फेब्रुवारीत नेब्रास्काकडून ७९-८२, आणि हा सामना मला सगळ्यात बोलका वाटतो. चौथ्या क्वार्टरला आयोवाकडे भरभक्कम आघाडी होती. क्लार्कला मुलींच्या कॉलेज कारकिर्दीतल्या सर्वाधिक गुणांच्या विक्रमासाठी आठ गुण हवे होते, सगळ्यांचं लक्ष तिकडे. त्या क्वार्टरमध्ये तिला एकही गुण मिळाला नाही. आघाडी गेली, सामनाही गेला. दुसऱ्या कुणाला तो ओढून नेता आला नाही. मग इंडियानाने ८६-६९ असं सरळ लोळवलं.

आणि राष्ट्रीय स्पर्धेची ७ एप्रिलची क्लीव्हलंडची अंतिम लढत. साउथ कॅरोलायना ८७, आयोवा ७५. क्लार्कने पहिल्याच क्वार्टरमध्ये १८ गुण केले, आयोवा १०-० ने पुढे होती. शेवटी तिचे गुण ३०, पण त्यासाठी २८ शॉट. बदली खेळाडूंचे गुण ३७ विरुद्ध शून्य. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू) ५१ विरुद्ध २९. साउथ कॅरोलायनाने अख्ख्या हंगामात ३८ पैकी ३८ जिंकले आणि आपण चर्चा कुणाची करतोय? उपविजेत्यांची!

सीडर रॅपिड्सकर

ताई, मी आयोवा विद्यापीठापासून अर्ध्या तासाच्या गाडीवर राहतो. तेव्हा पक्षपाती आहे हे आधीच समजून घ्या.

२०२३ च्या अंतिम सामन्यातल्या संघातून मोनिका झिनानो आणि मकेना वॉर्नॉक गेल्या. झिनानो म्हणजे बास्केटखालचा हुकमी हात. ती गेल्यावर हा संघ पुन्हा अंतिम फेरी गाठेल याची इथल्या चहाच्या गप्पांत कुणाला खात्री नव्हती. तिची जागा भरायची जबाबदारी आली हॅना स्टुल्कीवर. या मुलीने पेन स्टेटविरुद्ध ४७ गुण केले, पण तुमच्या 'एका मुलीच्या हंगामात' तिचं नाव नाही. उपांत्य सामन्यात यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठ) क्लार्कला पहिल्या हाफमध्ये जखडून टाकलं होतं. तो सामना ७१-६९ जिंकला तो स्टुल्कीच्या २३ गुणांवर. क्लार्कचे २१ होते. त्याआधी एलएसयूविरुद्ध (लुईझियाना स्टेट विद्यापीठ) क्लार्कचे ४१ सगळ्यांना पाठ, केट मार्टिनचे २१ कुणाला आठवत नाहीत. गॅबी मार्शलचा बचाव तर आकड्यांत दिसतच नाही.

बिग टेन (आयोवा ज्यात खेळतं तो विद्यापीठांचा गट) स्पर्धेचं विजेतेपद सलग तिसऱ्यांदा घेतलं, तेही त्याच नेब्रास्काला जादा वेळेत ९४-८९ हरवून. तुम्ही नेब्रास्काचा एकच सामना सांगितलात. सोयीस्कर!

पेरूची फोड

धागाकर्तीशी सहमत, फक्त कारण वेगळं. विक्रमांचा जो गोंगाट झाला त्यात इतिहासाची पार वाट लागली.

फेब्रुवारीत मुलींमधल्या विक्रमवीर केल्सी प्लमचे ३,५२७ गुण मागे पडले, ठीक. मार्चमध्ये पुरुषांमधल्या पीट मॅराविचचे ३,६६७ मागे पडल्यावर 'सर्वकालीन' हा शब्द सुरू झाला. मॅराविच तीनच हंगाम खेळला आणि तेव्हा थ्री पॉइंट रेषाच (जिच्या बाहेरून मारलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात) नव्हती. हे तरी निदान लोक बोलले. लिनेट वुडर्डबद्दल कोण बोललं? कॅन्ससकडून १९७७ ते ८१ या काळात तिने ३,६४९ गुण केले. तिलाही ती रेषा नव्हती, वर चेंडू पुरुषांच्याच मापाचा. मुलींचा लहान चेंडू आला १९८४-८५ च्या हंगामात. एनसीएए (अमेरिकेतली कॉलेज खेळांची संघटना) तेव्हा मुलींच्या स्पर्धाच घेत नव्हतं, १९८१-८२ पासून घ्यायला लागलं, म्हणून वुडर्डचे गुण त्यांच्या वहीत नाहीत. वहीत नाहीत म्हणजे झालेच नाहीत, असा हा न्याय.

आणि फ्रान्सिस मॅरियनची पर्ल मूर. लहान कॉलेज, पण गुण ४,०६१. क्लार्कची कारकीर्द ३,९५१ वर थांबली. 'सर्वकालीन' म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी करून बघावी.

सीडर रॅपिड्सकर

वुडर्डबद्दल पूर्ण मान्य. तिला तर ३ मार्चच्या ओहायो स्टेटच्या सामन्याला आयोवा सिटीत बोलावलं होतं आणि ती आली होती. ब्लूडर स्वतः वुडर्डचाच विक्रम खरा मानायच्या आणि तसं उघड बोलायच्या. दोष एनसीएएच्या वहीचा आहे, आमच्या माथी मारू नका.

हातोडा

यूकॉनचा सामना 'जिंकला' म्हणताय? शेवटचे चार सेकंद, ७०-६९, चेंडू यूकॉनकडे, बॉल त्यांच्या हुकमी पेज ब्युकर्सकडे जाणार, आणि पंचांनी यूकॉनच्याच आलिया एडवर्ड्सला बेकायदा स्क्रीनचा (बचाव करणारीची वाट हलत्या अंगाने अडवण्याचा) फाऊल दिला. पूर्ण सामन्यात तसल्या दहा स्क्रीन सोडल्या असतील. शेवटच्या क्षणी शिट्टी! टीव्हीला रेटिंग कुणामुळे मिळत होतं हे पंचांनाही माहीत असणारच.

झोनमध्ये उभी

@हातोडा, मी जिल्हा पातळीवर पंचगिरी केली आहे म्हणून सांगते. एडवर्ड्सचे पाय स्थिर नव्हते, खांदा पुढे आलेला होता. फाऊल होता. तो शेवटच्या चार सेकंदांत द्यायचा की नाही यावर वाद घाला, पण नियमपुस्तकात 'शेवटच्या चार सेकंदांसाठी' असं वेगळं पान नाही. रेटिंगसाठी पंच फितूर झाले हे बोलायला पुरावा लागतो. आणि ब्युकर्सने स्वतः सामन्यानंतर एका शिट्टीवर खापर फोडलं नाही. तिचे चाहते मात्र अजून फोडताहेत.

भिंतीवरची पाल

मला या सगळ्यात डाव्या कोपऱ्यातली गोष्ट सांगायची आहे, कुणाला आवडणार नाही.

२०२३ च्या स्पर्धेत क्लार्कने लुइव्हिलविरुद्ध चेहऱ्यासमोर हात हलवून 'तू मला दिसतच नाहीस' केलं, तेव्हा ते खट्याळपण होतं. पुढच्याच आठवड्यात अंतिम सामन्यात एलएसयूच्या एंजल रीसने तेच क्लार्कला केलं तर ती उर्मट ठरली. एक गोरी, एक काळी. क्लार्कने स्वतः रीसची बाजू घेतली, ते तिचं मोठेपण. पण प्रेक्षकांचं काय? साउथ कॅरोलायनाच्या प्रशिक्षक डॉन स्टेलींचा संघ २०२२-२३ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत एकही सामना हरला नव्हता. सुरुवातीच्या पाचही जणी गेल्या, नव्या पाच उभ्या केल्या आणि पुन्हा ३८-०. प्रशिक्षणातला हा पराक्रम कुठल्या पुरुष प्रशिक्षकाने केला असता तर अभ्यासक्रमात आला असता. धागाकर्ती फक्त आकडे मांडतेय. टाळ्या कुणाच्या वाट्याला आल्या आणि का, हा प्रश्न तिनेही अर्ध्यावर सोडलाय.

सीडर रॅपिड्सकर

अर्धवट मान्य. पण आयोवात स्टेडियम भरायला क्लार्कचा रंग लागला नाही, हेही तितकंच खरं. या राज्यात शाळेच्या मुली सहा-सहा जणींचं बास्केटबॉल खेळायच्या. प्रत्येक संघाच्या तिघी मैदानाच्या एका अर्ध्यात फक्त बचावाला, तिघी दुसऱ्या अर्ध्यात फक्त बास्केट करायला. मधली रेघ ओलांडायची नाही, ड्रिबल दोनच. १९९३ पर्यंत हे चाललं. राज्य स्पर्धेला डे मॉइनचं सभागृह खच्चून भरायचं. बाकी अमेरिकेत मुलींच्या सामन्याला आईबाप सोडून कुणी फिरकत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. आता प्रमुख झालेल्या जॅन जेन्सन त्याच खेळातल्या. शाळेत असताना त्यांची सरासरी होती सामन्याला ६६ गुण! माझ्या शेजारच्या आजी क्लार्क जन्मायच्या कितीतरी आधीपासून मुलींचे सामने बघताहेत. ऑक्टोबरात फुटबॉलच्या किनिक स्टेडियमवर डीपॉलविरुद्ध नुसता सराव सामना ठेवला तर ५५,६४६ माणसं आली. उघड्यावर, वारा सुटलेला. ही गर्दी आकाशातून पडली नाही.

भिंतीवरची पाल

सहा जणींचं माहीत नव्हतं. भारी आहे. पण मुद्दा देशभरच्या टीव्हीचा होता, किनिकचा नव्हता.

कट्टा क्र. ४

टीव्हीचं निघालंच आहे तर. अंतिम सामना सरासरी १ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीचा पुरुषांचा, यूकॉन-पर्ड्यू, १ कोटी ४८ लाख. मुलींचा सामना पुरुषांच्या पुढे, पहिल्यांदाच. संघ हरला की जिंकला याने या आकड्याला काय फरक पडतो? आणि एवढं होऊनही एनसीएए तेव्हा मुलींच्या स्पर्धेतल्या विजयांसाठी कॉलेजांना एक पैसा देत नव्हतं, ते २०२५ पासून सुरू झालं. पुरुषांच्या स्पर्धेत मात्र तेव्हाही अंतिम सामना सोडून प्रत्येक सामन्याचे देत होतं. ताई टाळ्या मोजताहेत, मी पैसे मोजतो.

मुलुंडचा म्हातारा

मंडळी, मला बास्केटबॉलमधलं फार कळत नाही पण हे चित्र ओळखीचं वाटतं. ९६ चा विश्वचषक, ईडन, श्रीलंका. सचिन ६५ वर यष्टिचीत झाला तेव्हा ९८ वर १ होते, बघता बघता १२० वर ८. आयोवाचं ते नेब्रास्का प्रकरण वाचून तोच घाम आला.

सीडर रॅपिड्सकर

काका, सचिन बाद झाला म्हणजे तंबूत गेला. क्लार्क मैदानातच होती, तिला दोघी-तिघी घेरून उभ्या होत्या. त्यातून मोकळी सुटलेली मुलगी शॉट मारत नसेल तर तो प्रश्न वेगळा. बहुतेक वेळा त्यांनी मारला. हंगामाला क्लार्कची असिस्टची सरासरी जवळजवळ ९ होती. ते पास कुणाच्या तरी हातात गेले आणि तिथून बास्केटमध्ये गेले म्हणूनच असिस्ट झाले ना?

नागपुरी संत्रं

अवांतर: पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार होती. इथल्या किती जणांना तिचा एक तरी सामना आठवतो? क्लार्कच्या असिस्टची सरासरी मात्र तोंडपाठ. चालू द्या.

तिसरी घंटा (धागाकर्ती)

नागपूरकरांचा टोला बसला, पण त्याला वेगळा धागा काढा, मी येईन.

सीडर रॅपिड्सकर, स्टुल्की आणि मार्टिनबद्दल तुमचं पटलं तरी मूळ मुद्दा हलत नाही. ३७-० चं उत्तर कुणी दिलेलंच नाही. एकही बदली खेळाडू अंतिम सामन्यात एक गुण करू शकली नाही. हे नशीब नव्हे, प्रशिक्षकांनी वर्षभर केलेली निवड आहे.

सीडर रॅपिड्सकर

त्याचं उत्तर आहे. मॉली डेव्हिस ही सुरुवातीच्या पाचांतली गार्ड. त्याच ३ मार्चच्या सामन्यात तिचा गुडघा दुखावला. तिच्या जागी आली सिडनी ॲफोल्टर, जी तोवर बदली खेळाडूंतली सगळ्यात चांगली होती. म्हणजे बाकावरची ताकद उचलून पाचांत ठेवली आणि बाक रिकामा झाला. ॲफोल्टर पुढे जी खेळली त्याला तोड नाही. पण ३७-० मध्ये तिचे गुण मोजले जात नाहीत, कारण ती आता 'बदली' राहिली नव्हती.

झोनमध्ये उभी

हे बरोबर आहे, पण याने ब्लूडर सुटत नाहीत. स्टेलींनी टेसा जॉन्सन आणि मिलेसिया फुलविली या पहिल्या वर्षाच्या पोरींना नोव्हेंबरपासून खरी मिनिटं दिली. सामना अटीतटीचा असतानाही दिली. त्याचं फळ म्हणजे अंतिम सामन्यात बाकावरून उठून टेसाचे १९ गुण. आयोवात राखीव पोरी मैदानात आल्या त्या बहुतेक सामना खिशात आल्यावर. एक गुडघा गेला की बाक रिकामा, अशी रचना मार्चमध्ये झाली नाही, ती डिसेंबरात झाली.

आणि साउथ कॅरोलायनाही फार निवांत जिंकत नव्हती बरं का. त्यांच्या विद्यापीठ गटाच्या (एसईसी) स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात टेनेसीने त्यांना जवळजवळ बाहेर काढलं होतं. कमिला कार्डोसोने शेवटच्या ठोक्याला थ्री मारला, ७४-७३. सहा फूट सात इंचांची सेंटर, कॉलेजच्या कारकिर्दीतला तिचा तो पहिलाच थ्री. तो गेला नसता तर ३८-० नाही, आणि मग हा धागा ताईंनी कुठल्या आकड्यावर काढला असता?

तिसरी घंटा (धागाकर्ती)

३६-१ वर काढला असता. :)

कार्डोसोचं सोडा, मला साउथ कॅरोलायनाच्या रॅवेन जॉन्सनबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. २०२३ च्या उपांत्य सामन्यात क्लार्कने हात झटकून तिला मोकळं सोडलं होतं, 'मार, तुझ्याकडून काय होणार' अशा अर्थाने. ती क्लिप वर्षभर फिरली. ३६-० चा संघ त्या दिवशी ७७-७३ हरला. २०२४ च्या अंतिम सामन्यात क्लार्कला धरायला तीच उभी राहिली आणि मध्यंतराच्या तोंडावर तिने क्लार्कच्या हातून चेंडू काढून एकटीने जाऊन बास्केट केलं. एकाने तरी ती क्लिप इथे टाकली का?

सीडर रॅपिड्सकर

टाकणार नाही. मी तेव्हा टीव्ही बंद करून कुत्र्याला फिरवायला गेलो होतो. परत आलो तर ८०-७५, चार मिनिटं बाकी, आणि आमच्या शेजारच्या आजी अजून ओरडत होत्या. त्यानंतर आयोवाचा एकही गुण झाला नाही.