वीतरागाकडे मागायचं काय?
वर एकाने विचारलंय की जैन जगाचा कर्ता ईश्वर मानतच नाहीत तर एवढी देवळं कशाला, आणि शेवटी देव म्हणजे भीतीच ना. पहिलं बरोबर आहे. तीर्थंकर (जैन ज्यांची पूजा करतात ते मुक्त झालेले गुरू) वीतराग, म्हणजे राग-लोभ सुटलेले, ते ना प्रसन्न होणार ना कोपणार, पूजा करायची ती त्यांचे गुण आपल्यात यावेत म्हणून, कर्म ज्याचं त्याने फेडायचं. पण माणसाला मागायचं असतंच हो! वेरूळच्या ३२ नंबरच्या लेण्यात बघा, तीर्थंकर आपले ध्यानात आणि वरच्या मजल्यावर आंब्याखाली सिंहावर बसलेली अंबिका यक्षी, म्हणजे तीर्थंकरांची सेवक देवी. आमच्या सांगली-कोल्हापूरकडचे शेतकरी जैन पण कर्नाटकातल्या हुमचाच्या पद्मावतीला, म्हणजे अशाच एका यक्षीला, नवस बोलतात, ओटी भरतात, कट्टर मंडळी नाकं मुरडतात ती मुरडोत. (नवसाला पावणारं कुणीतरी लागतंच, फिलॉसॉफी काही का असेना.)

पण सगळं भीतीवर ढकलणं मला पटत नाही. कोल्हापूरकडच्या कुंभोजची बाहुबलीची २८ फुटी मूर्ती घ्या. बाहुबली म्हणजे पहिल्या तीर्थंकरांचा मुलगा, राज्यासाठीच्या लढतीत भावाला हरवलं आणि तिथेच राज्य सोडून तपाला उभा राहिला, अंगावर वेली चढल्या तरी हलला नाही. तो काही देत नाही, शिक्षाही करत नाही, तरी लोक लांबून येऊन तासन्‌तास बसतात. हे भीतीच्या थिअरीत कसं बसवणार?