बाह्यग्रह, बहिर्ग्रह की परग्रह?

ओंजळ
एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बारा फलकांचा मजकूर मराठीत करून देतेय. बाकीचं पटापट झालं, गाडी अडली ती एक्झोप्लॅनेटवर, म्हणजे सूर्य सोडून भलत्याच ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावर. मी बिनधास्त लिहून टाकलं, "१९९५ साली सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला बाह्यग्रह सापडला." सहावीतली भाची शेजारी पोहे खात होती. वाचून म्हणाली, "मावशी, बाह्यग्रह म्हणजे गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. शनी १९९५ला सापडला? आजी तर कधीपासून त्याला तेल घालतेय." मी गप्प. 'परग्रह' लिहावं तर मुलांच्या डोळ्यांसमोर उडत्या तबकड्या. मंगळवारी फ्लेक्सवाल्याकडे फाइल द्यायचीय. काय लिहू?

बोरूबहाद्दर
भाची बरोबर आहे. आमच्या वेळी पुस्तकात 'बहिर्ग्रह' होतं, पण अर्थ तोच, लघुग्रहांच्या पट्ट्यापलीकडचे चार. म्हणजे दोन्ही शब्द आधीच नोकरीला लागलेले आहेत, त्यांना दुसरी ड्युटी लावू नका. नवा शब्द घडवा. माझी सूचना: 'सौरेतर ग्रह'.

तिरकस
सौरेतर म्हणजे ज्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवलेलं नाही ती.

रात्रपाळी
बोरूकाका, ते चारच कसे? आकाश बघणाऱ्यांच्या बोलण्यात बहिर्ग्रह मंगळापासून सुरू होतात. पृथ्वीच्या कक्षेच्या आतले बुध आणि शुक्र हे अंतर्ग्रह, बाहेरचे सगळे बहिर्ग्रह. म्हणून तर मंगळ मध्यरात्री डोक्यावर येऊ शकतो आणि शुक्र पुण्यातून तसा कधीच दिसत नाही. पुस्तकातला मंगळ अंतर्ग्रह, गच्चीवरचा बहिर्ग्रह. आता ओंजळताई त्याच शब्दात तिसरा अर्थ कोंबायला निघाल्यात.

अधिक्रमणही, म्हणजे ग्रहाचं सूर्यबिंबासमोरून सरकणं, फक्त अंतर्ग्रहांचंच दिसतं. ८ जून २००४ला आम्ही दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याची प्रतिमा पाडली होती. बशीएवढ्या सूर्यावर शुक्राचा काळा ठिपका, मोहरीपेक्षा थोडा मोठा. आई म्हणाली, "एवढ्याशासाठी चहा गार केलास?" बाहेरच्या ताऱ्यांचे ग्रह आज याच युक्तीनं शोधतात, फक्त ठिपका दिसत नाही, ताऱ्याचा प्रकाश किंचित उतरतो तेवढा मोजायचा. सूर्याएवढ्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तर शंभरात एक भाग. पृथ्वीएवढा गेला तर दहा हजारांत एक भागही नाही. (१९९५चा मात्र असा सापडला नाही. त्याच्या ओढीनं तारा जरासा डुलत होता, त्यावरून तो कळला. फलकावर दोन्हींची गल्लत करू नका.)

नारायणगावकर
'परग्रह'मध्ये वाईट काय आहे? परगाव, परदेश, परप्रांत, तसाच परग्रह. तबकड्या सिनेमावाल्यांनी चिकटवल्या, त्यात शब्दाचा काय दोष? 'पर' म्हणजे आपला नव्हे, बस. नारायणगावात जुन्नरचा माणूससुद्धा परगावचाच.

रात्रपाळी
तेच म्हणतोय! मग मंगळही परग्रह झाला. जुन्नर आणि न्यूयॉर्क एकाच शब्दात.

बोरूबहाद्दर
मराठीत शब्दांची टंचाई नाही, घडवायचा कंटाळा आहे. कृष्णविवर घडवलं, श्वेतबटू घडवला, आणि दोन्ही काय देखणे आहेत! ओंजळताई, ताऱ्याला खेटून फिरणाऱ्या, तापलेल्या गुरूसारख्या ग्रहाला तुमच्या फलकावर कुठेतरी 'हॉट ज्युपिटर' असंच ठेवलेलं असणार, खात्री आहे माझी. तिथे 'तप्त गुरू' करा.

तिरकस
तप्त गुरू म्हणजे आमचे आठवीचे गणिताचे सर. फरक एवढाच, की '५१ पेगासी बी' हा तुमचा १९९५चा तप्त गुरू सव्वाचार दिवसांत वर्ष आटोपतो. सरांचं वर्ष संपता संपायचं नाही.

आणि काका, 'दुर्बीण' फारसी आहे, दूर-बीन. शुद्धीकरणच करायचं तर तीही जाऊ द्या. 'दूरदर्शक' लिहा, मुलं त्यात सातच्या बातम्या शोधतील.

बोरूबहाद्दर
दुर्बीण रुळलेली आहे.

तिरकस
रुळायच्या आधी कुणीतरी न लाजता वापरली असेल ना?

नारायणगावकर
दुर्बिणीवरून आठवलं. आमच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस ॲंटेना आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची. आजी त्यांना छत्र्या म्हणायची. मी कॉलेजात गेल्यावर शहाणपणा केला, "आजी, रेडिओ दुर्बीण म्हण." तिनं विचारलं, "डोळा कुठं लावायचा तिला?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मीही छत्र्याच म्हणतो.

अर्धविराम
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण आमच्या घरात यावरून दोन दिवस धुसफूस चालू आहे. २०२५मध्ये आपल्या पुण्याच्या एनसीआरए या खगोल संशोधन केंद्रातल्या संशोधकांना वेब या अंतराळ दुर्बिणीच्या निरीक्षणांत 'अलकनंदा' ही सर्पिल गॅलक्सी सापडली ना, विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचं असतानाची, तरी दोन्ही बाहू रेखीव असलेली. दिरांनी फॅमिली ग्रुपवर "अलकनंदा आकाशगंगा" असं टाकलं. मी दुरुस्त केलं, की आकाशगंगा एकच, आपली. बाकी सगळ्या दीर्घिका. तर ते म्हणे, दीर्घिका हा पुस्तकी शब्द, कुणी बोलत नाही.

बोरूबहाद्दर
दीर चूक आहेत. मात्र दीर्घिकेचा मूळ अर्थ ठाऊक आहे का? अमरकोशात 'वापी तु दीर्घिका' असं आहे. म्हणजे बाव, लांबट विहीर.

अर्धविराम
विहीर?? मग एवढी गरगरीत चकली विहीर कशी काय?

रात्रपाळी
आडवी बाजू दिसली की लांबटच दिसते, आपल्या शेजारची देवयानी दीर्घिकाही तशीच दिसते. नावाची गंमत मात्र चुकवू नका. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनीही म्हणतात, म्हणून हिच्यासाठी तिच्या बहिणीचं नाव निवडलं. दोन नद्या रुद्रप्रयागला भेटतात. या दोघी बाराशे कोटी वर्षांच्या अंतरावर.

नारायणगावकर
म्हणजे नाव गंगेच्या घरचं आणि जात विहिरीची. गावाकडे सोयरीक मोडली असती.

बोरूबहाद्दर
चेष्टा नको. 'ग्रह' शब्दाचंच बघा, ग्रह् धातू म्हणजे पकडणे. ग्रहणही त्यातूनच. रात्रपाळी यांनी सांगितलेलं ते प्रकाश उतरणं म्हणजे इवलंसं ग्रहणच की! म्हणून 'ग्रह' शब्द ठेवून मागे—

ओंजळ
काका, मंगळवार होऊन गेला. मी शेवटी "दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह" असं लिहिलं. लांबलंय, पण कळतं.

रात्रपाळी
ताराच नसलेले, एकटे भटकणारे ग्रहही सापडलेत. त्यांना कुठे बसवणार?

तिरकस
ते सदाशिव पेठेत रूम शोधत फिरणारे एमपीएससीवाले.

ओंजळ
भाचीनं फ्लेक्स बघितला. "दुसऱ्या ताऱ्यांचे? मग पहिला तारा कुठला?"

बोरूबहाद्दर
'इतर' करा. 'इतर ताऱ्यांचे.'

ओंजळ
छापून झालाय, काका. खिळेसुद्धा ठोकले.

अर्धविराम
बरं, पण दीर्घिकेचं काय ठरलं? दिरांना आज उत्तर द्यायचंय.