घरून फ्रीलान्स काम हवंय, रोज दोनेक तास. सुरुवात कुठून करू?

जमाखर्च:
नमस्कार मंडळी. नुसतं वाचायला येते नेहमी, आज पहिल्यांदा विचारतेय. पूर्णवेळ नोकरी आहे, एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते, पण घराचा हप्ता सुरू झाल्यापासून महिनाअखेरीला ओढाताण होतेय. मुलगी झोपली की रात्री दोनेक तास माझे असतात, शिवाय शनिवारी अर्धा दिवस. तेवढ्यात घरून होईल असं काही मिळेल का? एक्सेल चांगलं येतं (म्हणजे ऑफिसात कुणाचं काही अडलं की फाइल माझ्याकडेच येते), टायपिंग बरं आहे, इंग्रजी लिहिता-वाचता येतं पण बोलताना अडखळते. डेटा एंट्री सगळ्यात सोपी असेल म्हणून शोधायला लागले तर एक जण रजिस्ट्रेशन फी मागतोय, दुसरा म्हणतो टेलिग्रामवर या, तिसरीकडे पानं टाइप करून द्यायची पण त्याआधी अ‍ॅग्रीमेंटवर सही. खरं काय नि खोटं काय कळेना. कोणी प्रत्यक्ष करत असेल तर सांगा प्लीज. "मेहनत करा, फळ मिळेल" छाप उत्तरं नकोत, ती घरात भरपूर मिळतात.

शंकासुर:
तिन्हीकडे पाठ फिरवा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही, मग त्याला फी म्हणा, डिपॉझिट म्हणा, ट्रेनिंग किट म्हणा नाहीतर "रिफंडेबल" म्हणा.

टेलिग्रामवाल्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या असली फुटकळ कामं देतात आणि त्याचे थोडे पैसे खरोखर खात्यात टाकतात, इथेच माणूस फसतो कारण वाटतं की अरे, हे तर देतायत की. मग "प्रीपेड टास्क" येतं, म्हणजे आधी तुम्ही भरा आणि मग कमिशनसकट परत घ्या. स्क्रीनवर आकडा वाढत जातो, काढायला गेलं की आधी टॅक्स भरा, मग अकाउंट अनफ्रीझ करायचा चार्ज भरा. ग्रुपमध्ये "मला मिळाले, मला मिळाले" म्हणणारे बाकीचे सगळे त्यांचेच असतात.

अ‍ॅग्रीमेंटवालं प्रकरण माझ्या मावसभावाच्या बाबतीत झालंय. अस्पष्ट स्कॅन केलेली पानं टाइप करायला दिली, अचूकतेची अट अशी की कुणाच्या बापाला जमणार नाही, आणि काम दिल्यावर "तुम्ही फेल झालात, करार मोडलात, दंड भरा" म्हणून वकिलाच्या नावाने मेल. त्याने घाबरून भरायची तयारी केली होती, आम्ही थांबवला. उत्तरच दिलं नाही, पुढे काही झालं नाही.

आणखी एक, कुणी "तुमच्या खात्यात पैसे येतील, तुमचं कमिशन ठेवून पुढे पाठवा" म्हणाला तर ते काम नव्हेच. चोरीचा पैसा फिरवायला तुमचं खातं वापरतात आणि चौकशी आली की नाव तुमचं लागतं.

कीबोर्डवाली:
शंकासुर यांच्याशी शंभर टक्के सहमत. फक्त डेटा एंट्रीबद्दल थोडं सांगते. खरी डेटा एंट्री असते, पण ती करायला जगभरातले लोक रांगेत उभे, आणि बरीचशी आता सॉफ्टवेअरच करतं, त्यामुळे दर इतका पडलाय की तुमच्या रात्रीच्या झोपेची किंमत निघणार नाही. कॅप्चा टायपिंग तर विचारूच नका.

मी स्वतः आधी ट्रान्स्क्रिप्शन करायचे, आता सबटायटल आणि भाषांतर करते. ट्रान्स्क्रिप्शनमध्ये एक गोष्ट कुणी सांगत नाही, पैसे ऑडिओच्या मिनिटावर मिळतात, तुमच्या मिनिटावर नाही. नवख्या माणसाला एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार तास सहज लागतात, मागे पंखा फिरत असेल किंवा तिघं एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त, म्हणजे जाहिरातीतल्या दराला आधी चाराने भागायचं आणि मग खूश व्हायचं की नाही ते ठरवायचं. शिवाय हल्ली पहिला मसुदा मशीनच काढतं आणि माणसाला फक्त तपासायला देतात, दर अर्थातच कमी. भाषांतरातही हेच सुरू झालंय. शब्दावर पैसे असतात, पूर्णवेळ करणारा माणूस दिवसाला साधारण दोन ते अडीच हजार शब्द नीट करतो, तुमच्या दोन तासांत पाचसहाशे धरा. आणि सॅम्पल म्हणून दोनतीनशे शब्द फुकट करून मागणं रूढ आहे, पण कुणी आख्खा चॅप्टर "टेस्ट" म्हणून पाठवला तर समजायचं की हा पुस्तक फुकटात उरकतोय.

थोडक्यात, माझ्या लाइनला येऊ नका असं नाही म्हणत, पण तुमच्याकडे अकाउंट्स असताना टायपिंग कशाला विकताय?

खटपट्या:
कीबोर्डवाली यांनी शेवटी जे विचारलं तेच मी लिहिणार होतो. ऑफिसात लोक ज्यासाठी तुमच्याकडे फाइल घेऊन येतात ना, त्याच कामाचे बाहेर पैसे मिळतात. लहान धंदेवाल्यांचे हिशेब बघा, माल विकायला जमतं पण बँक रिकन्सिलिएशन (आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं) सहा महिने पडलेलं असतं, कुणाचे पैसे यायचेत ते डोक्यात. असा एक माणूस धरला की काम दर महिन्याला येतं, रोज नवं गिऱ्हाईक शोधत बसायला नको. कीबोर्डवाली यांच्यापेक्षा तुमचं हे बरं आहे.

दुसरं, एक्सेलची साफसफाई. दर महिन्याला बारा फाइली उघडून कॉपी-पेस्ट करून रिपोर्ट बनवणारी ऑफिसं आजही पुष्कळ आहेत. पॉवर क्वेरी (फाइली आपोआप जोडून साफ करणारं एक्सेलचं टूल) शिकून घ्या, एक्सेल २०१६ पासून आतच असतं, वेगळं काही विकत घ्यायला नको. फोल्डरमध्ये नवी फाइल टाकली, रिफ्रेश दाबलं की रिपोर्ट तयार, आणि समोरचा तोंडात बोट घालतो. परदेशातली पुस्तपालनाची कामं हवी असतील तर क्विकबुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेशन अकाउंटंट लोकांना फुकट करता येतं, रात्री थोडं थोडं करून होऊन जाईल.

अपवर्क, फायव्हर या फ्रीलान्स कामं मिळवायच्या वेबसाइट, दोन्हीवर प्रोफाइल काढा पण डोळे उघडे ठेवून. फायव्हर कमाईतले २० टक्के कापतं, म्हणजे दर लावतानाच ते धरा. अपवर्कवर प्रपोजल पाठवायला कनेक्ट्स (अर्जाची टोकनं) लागतात आणि ते बहुतेक विकतच घ्यावे लागतात, त्यामुळे दिसेल त्या कामाला अर्ज करत सुटायचं नाही. फिक्स्ड कामात (म्हणजे पूर्ण कामाची रक्कम आधी ठरलेली) क्लायंटने पैसे एस्क्रोत, म्हणजे काम होईपर्यंत साइटकडे अडकवून, भरलेत हे दिसल्याशिवाय फाइल उघडायची पण नाही. एकदा काम सबमिट केलं आणि क्लायंट गप्प बसला तर १४ दिवसांनी पैसे आपोआप सुटतात. तासावरच्या कामात त्यांचं अ‍ॅप मधून मधून तुमच्या स्क्रीनचे फोटो काढतं, तेव्हा मधेच ऑफिसचा मेल उघडायचा नाही हे लक्षात ठेवा :)

निवांत:
खटपट्याभाऊ, बाकी पटलं पण प्लॅटफॉर्मचं नाही. नव्या माणसाला तिथे पहिलं काम मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. रिव्ह्यू नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून रिव्ह्यू नाही. मग लोक दर पाडतात आणि तोच दर पुढे गळ्यात पडतो. मला पहिली सगळी कामं ओळखीतून मिळाली, जुन्या सहकाऱ्याने कुणाला तरी नाव सांगितलं, त्याने पुढे. ताईंनी आपल्या ओळखीतल्या चार धंदेवाल्यांना सरळ मेसेज टाकावा, "महिन्याचे हिशेब लावून देते, पहिला महिना बघा, जमलं तर पुढे". कमिशन नाही, कनेक्ट्स नाही.

खटपट्या:
ओळखीतले पैसे बुडवतात तेव्हा मागायची पण चोरी असते, ते कोण सांगणार? प्लॅटफॉर्मवर निदान पैसे आधी अडकवलेले असतात. बरं, दोन्ही करा, पण ओळखीतल्या माणसाकडून निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि काय काय करणार ते मेलवर लिहून द्या, दुरुस्त्या किती वेळा करणार तेही. नाहीतर "जरा एवढं बघ ना" मध्ये दोनचे चार तास होतात. आणि अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटला "बाहेर करूया, कमिशन वाचेल" म्हणायला जाऊ नका, दोन वर्षं तसं करायला त्यांच्या नियमात बंदी आहे, सापडलं की अकाउंट गेलं.

जमाखर्च:
बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे खूप आभार. अकाउंट्स विकता येतील असं डोक्यातच आलं नव्हतं, रोजचंच काम म्हणून. दोन शंका. कामाचा नमुना म्हणून काय दाखवू? ऑफिसच्या फाइली तर दाखवू शकत नाही. आणि क्लायंटने कॉल करू म्हटलं तर माझं इंग्रजी...?

खटपट्या:
ऑफिसची एकही फाइल नको, नावं बदलूनसुद्धा नको. एक खोटं दुकान कल्पा, शेपाचशे खोट्या नोंदी भरा, मुद्दाम गोंधळ घाला, तारखा उलट्यासुलट्या, एकच गिऱ्हाईक तीन स्पेलिंगने. मग ते साफ करून आधीचं आणि नंतरचं असे दोन स्क्रीनशॉट लावा. कॉलचं म्हणाल तर आधीच सांगून टाकायचं की मला लेखी बरं पडतं, प्रश्न मेसेजवर पाठवा. हिशेबाच्या कामात बहुतेकांना चालतं, उलट लेखी असलं की नंतर वाद होत नाही. कॉल झालाच तर नंतर "आपलं असं असं ठरलं" म्हणून चार ओळी पाठवा.

शंकासुर:
ताई, हे सगळं करायच्या आधी नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. दुसरं काम करायचं नाही असं कलम बऱ्याच ठिकाणी असतं. कंपनीचा लॅपटॉप याला वापरू नका, आणि तुमच्याच कंपनीच्या गिऱ्हाइकांचे हिशेब तर अजिबात घेऊ नका. मिळालेली प्रत्येक रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या शीटमध्ये लिहा, टॅक्सच्या वेळी लागते, ते तुम्हाला मी काय सांगणार म्हणा.

जमाखर्च:
लेटर काढून बघितलं. "व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीशिवाय इतरत्र नोकरी करता येणार नाही" असं आहे. यात फ्रीलान्स येतं का?

निवांत:
अंदाज करत बसू नका, परवानगीचा मेल टाका. काम कसलं ते लिहा, ऑफिसच्या वेळेबाहेर आणि स्वतःच्या मशीनवर करणार हेही लिहा. उत्तर येईपर्यंत ते खोटं दुकान बनवून घ्या, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.