दर्यात जाण्याआधी हवामान कुठे बघता? अनुभव सांगा

देवगडची_लेक:
काल टीव्हीवर खाली पट्टी सरकत होती, 'बंदरात तीन नंबरचा बावटा', आणि तव्यावरची चपाती करपली. डोळ्यांसमोर एकदम 2009 चा नोव्हेंबर. फयान चक्रीवादळ. मामा आदल्या रात्री होडी घेऊन बाहेर पडलेला. रेडिओ होता, पण सेल उतरलेले. वारा फिरला तसा तो विजयदुर्गच्या खाडीत घुसला म्हणून वाचला, पण आम्हाला कळणार कसं? दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने घरी आला. आजी तोवर जेवली नव्हती. एवढंच म्हणाली, "कपडे बदल, पेज घे."
आता मामेभाऊ जातो. फोनवर चार ॲप, चौघांचं चार तऱ्हांचं. तुम्ही कशावर विसंबता? पर्यटनाच्या बोटवाल्यांनी, गळ टाकणाऱ्यांनीसुद्धा लिहा.

गळवाला_पुणेकर:
विंडी ॲप असेल तर अंदाजाचं मॉडेल कुठलं लावलंय ते आधी बघा. ईसीएमडब्ल्यूएफ (युरोपचं) आणि जीएफएस (अमेरिकेचं) दोन्ही उघडायचे. दोघांचं पटलं तर निघायचं. एक 10 नॉट म्हणतंय, दुसरं 20, तर आम्ही नाश्ता करून परत पुणे. आणि हो, नॉट म्हणजे किलोमीटर नव्हे, 1.85 ने गुणा. आमच्यातल्या एका इंजिनिअरने (!) 20 नॉट म्हणजे ताशी 20 किमी धरलं होतं. पाचही जण ओकलो. मासा शून्य.

सुरमई_प्रेमी:
चपातीचं काय झालं शेवटी

देवगडची_लेक:
नवऱ्याने खाल्ली. बोलला नाही काही.

खाडीकाठ:
हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) अंदाज बघा, लाटांसाठी तोच. पण त्यातली उंची कशी वाचायची हे मला फार उशिरा कळलं. ती सर्वांत मोठ्या लाटेची नसते, सगळ्यांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे 2 मीटर लिहिलंय तेव्हा एखादी साडेतीन मीटरची येणार हे धरूनच चालायचं. उंचीशेजारी सेकंद दिलेले असतात, म्हणजे एका लाटेमागून दुसरी किती वेळाने येते ते, ते तर कोणी बघतच नाही. 6 सेकंदांची दीड मीटर लाट कंबर मोडते. 14 सेकंदांची तेवढीच लाट बाहेर खोल पाण्यात होडीला नुसती उचलून खाली ठेवते, कळतसुद्धा नाही. पण तीच खाडीच्या तोंडाशी, गाळावर, उभी राहून फुटते. आमची होडी तिथेच आडवी झाली. वारा? अजिबात नव्हता. आकाश निळंशार. लाट कुठल्या तरी लांबच्या वादळातून चालत आलेली. जाकिटं घातलेली म्हणून हे लिहितोय. बाकी नंतर, गॅसवाला आलाय.

आजोबांची_नात:
आमचे आजोबा तिथीला पाऊणपट करायचे. दशमी म्हणजे साडेसातला भरती. ॲप 7:50 म्हणतं. एवढ्या फरकाला कोण विचारतो!

गळवाला_पुणेकर:
मग पौर्णिमेला सव्वाअकरा?

आजोबांची_नात:
मुंबईत बाराच्या आसपास धरा. भरतीपुरतंच चालतं हे, वाऱ्याला नाही. वाऱ्यासाठी ते अंगणात उभे राहून नुसते हुं म्हणायचे. त्या हुंचा अर्थ फक्त आजीला कळायचा.

जर्सीकर_मालवणी:
इथे न्यू जर्सीत वेदर सर्व्हिसचा अंदाज बघतो, 'स्मॉल क्राफ्ट ॲडव्हायझरी' (लहान बोटींसाठीचा इशारा) लागली की विषय बंद. पण खरी गंमत बॉयची. समुद्रात तरंगतं यंत्र, आत्ता वारा किती, लाट किती ते सांगतं. सकाळचा अंदाज आणि बॉय जुळत नसतील तर अंदाज चुकलाय समजायचं. थंडीत मात्र काही न बघता घरी बसतो. मालवणची आठवण काढत.

नाखवा_तिसरी_पिढी:
ॲप ॲप काय करताय. 20 वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खोलीच्या बाहेर मोबाइलला रेंज कुठे आहे? पुढे वायरलेसवर 16 नंबर (संकटात हाक मारायचं चॅनेल) आणि शेजारच्या बोटीचा तांडेल. निघताना पाच दिवसांचा इशारा बघायचा, एका दिवसाचा नाही, कारण आम्ही चार-चार दिवस आत असतो.
आणि एक सांगतो, राग नको. गेल्या साली बर्फ, डिझेल सगळं भरून झाल्यावर संध्याकाळी इशारा आला. रात्रभर पान हललं नाही. बर्फाचं पाणी झालं. पुढच्या वेळी इशारा आला तेव्हा खलाशी म्हणाले, जाऊया. मीच नाही म्हटलं. त्या रात्री जो वारा सुटला! पण खलाशांना काय सांगणार, त्यांचे दोन्ही वेळचे पैसे बुडालेच.

सुरमई_प्रेमी:
😔

देवबागचो:
ओखी चक्रीवादळाच्या वेळी (डिसेंबर 2017) देवगडात केरळ-तमिळनाडूच्या बोटी आसऱ्याला आलेल्या. मी तेव्हा काकाकडे होतो. काकीने टोपभर भात नि सार पाठवलं. त्यांना आमचं कळेना, आम्हाला त्यांचं. साराला मात्र सगळ्यांनी मान डोलावली.

खाडीकाठ:
आलो. तटरक्षक दलाचा 1554 नंबर सगळ्यांनी फोनमध्ये घालून ठेवा. आत्ता. नंतर विसराल.

आजोबांची_नात:
घातला. साराला तिरफळं होती का ओ?

देवबागचो:
तिरफळांशिवाय सार? 😀

देवगडची_लेक:
मामेभावाला सगळं वाचून दाखवलं. सेकंदांचं नीट ऐकलं, दोनदा विचारलं. मग म्हणतो, "ताये, तू चपात्यो भाज. वारो माका बघूंदे."

सुरमई_प्रेमी:
त्याला विचारा, बांगडो सध्या कसो?